गुडघ्यातलं पाणी

शिडीचा शेवटचा डंडा चुकला,
म्हणे, मुका मार हाय, जाईन दोन दिसांत.
तिसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटीच दिसेना.
कोहळ्यासारखा गोल, तुकतुकीत,
हात ठेवला तर चुलीशेजारच्या मडक्यासारखा कोमट.

रुईची पानं मी मान वळवून खुडली,
चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून.
एरंडीच्या तेलात तव्यावर परतली, बांधली.
बेबीनंदा म्हणाली, विटेनं शेक.
तिची सासू म्हणाली, वीट नको, मिठाची पुरचुंडी.
मामंजी बिब्बा घेऊन आले,
तो मी पिठाच्या डब्यात लपवला.

फोन मात्र वाजतच होता.
डाखोरे भाऊ, डीपी उडाली.
डाखोरे भाऊ, आमच्या गल्लीतच कायले नाही?
हे पडल्या पडल्या म्हणत, येतो.
पाय खाटेवरून हलत नव्हता.

देवळीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई, पोरगीच,
अंगठ्यानं वाटी दाबली,
ती खाली गेली नि परत वर आली,
पाण्यातल्या लाकडी चमच्यासारखी.
अकरा हजाराच्या तारेशी वीस वर्षं बोलणारा माणूस
सुई पाहून भिंतीकडे वळला,
माझा पदर मुठीत.

निघालं ते जवसाच्या तेलाच्या रंगाचं.
हे भिंतीकडेच तोंड करून म्हणाले,
मॅडम, वावरात सहाशे फूट बोर मारला, धूळ निघाली.
अन् तुमाले बोटभर सुईत लागलं!
बाई हसल्या. थोडं बाटलीत घालून
वर नाव लिहिलं, वय बेचाळीस.
मी ती ट्यूबलाइटपुढे धरून पाह्यली.
संसाराला एकोणीस वर्षं झाली,
ह्यांच्या आतलं काही
असं उजेडात कधी धरलं नव्हतं.

आता बरफ लावायचा, दिवसातून चारदा, फडक्यातून.
पानठेल्याच्या फ्रिजमधून आणते.
उरलेली रुईची पानं टाकवत नाहीत,
दुरडीत वाळतायत.

रात्री लाइन गेली.
अंधारात ह्यांचा हात टॉर्चकडे, नंतर फोनकडे.
पलीकडच्या गावचा नवा पोरगा खांबावर चढला होता.
अर्थिंग टाकलं का बे? आधी अर्थिंग टाक!
एवढ्या मोठ्यानं की कुत्री भुंकली.

पंखा फिरला. बरफाचं पाणी होऊन गादी ओली.
मी म्हटलं, पाह्यलं? तुमच्याबिगर बी येते लाइन.
हे गप्प.
थोड्या वेळानं, मी झोपले असं समजून,
पाय हळूच वाकवून पाह्यला.
अर्धा.