आठ घरं

हेल्दुर म्हणतो, मिलिंग मशीनला हात नसतात,
सगळी अडचण तेवढीच.
स्पिंडल फिरतं, टेबल सरकतं,
पण ड्रिल काढून टॅप लावायची वेळ आली
की तोंडात घास धरून बसलेल्या पोरासारखं
ते माणसाकडे बघत राहतं.

मग पाना. ड्रॉबार अर्धा फेरा सैल.
वरून पितळी हातोडी, एकदाच : टक्.
जाळ्याच्या एका पुलीला सहा हत्यारं,
म्हणजे सहा वेळा टक्,
आणि वर स्वयंपाकघरात मी मोजणारी.
पाचवी ऐकली की बटाट्यांखालचा गॅस बंद,
सहावीला ताटल्या.
सारेमा बेटावर अकरा वर्षं
आमचं जेवणाचं घड्याळ तळघरात होतं.

मार्चमध्ये त्याने माझी केकची फिरती थाळी नेली.
उसनी, म्हणाला.
जशी काही ती परत येणार होती.
तिच्या कडेला आठ खाचा,
खाचेत प्लास्टिकचे चिमटे,
रात्रभर छापलेले, सकाळी मोडलेले,
पुन्हा छापलेले.
शेवटी पोलादाचे कापले, जुन्या करवतीच्या पात्यातून.
करवत माझ्या वडलांची. तेही विचारलं नाही.

स्पिंडलच्या डोक्यावर बशांसारख्या स्प्रिंगांची चवड :
एक पालथी, एक उताणी, एक पालथी, एक उताणी.
त्या हत्यार धरून ठेवतात, सोडत नाहीत.
सोडवायला हवेचा दट्ट्या लागतो
आणि आमच्या कंप्रेसरला कोंबडीची फुप्फुसं.
म्हणून एकावर एक तीन दट्ट्ये.
पहिल्यांदा हवा सुटली तेव्हा
मांजर तीन दिवस घरी आलं नाही.

एकदा गंमत म्हणून मी
मोकळ्या खाचेत ज्युनिपरच्या लाकडाची सुरी अडकवली,
लोण्याची, बाजारात विकते तसली.
एरवी न ओरडणारा माणूस ओरडला.
"ते घर रिकामं नाहीये, विर्वे,
त्यातला बाहेर गेलाय."
आणि टेबलाखाली सांडलेला स्क्रू शोधायला लागला.
मी वर आले.
राइकोच्या खोलीत हलवलेलं माझं शिवणयंत्र
ढकलत ढकलत पुन्हा बोळात आणलं.
राइको नॉर्वेला आहे, जहाजं रंगवतो.
नाताळला येईन म्हणालाय, कुठल्या ते बोलला नाही.

ऑगस्टात चाललं.
फुस्स. थाळी फिरली. फुस्स.
तीन नंबर घरी गेला, चार नंबर निघाला.
हेल्दुरने चष्मा काढून पुसला, बराच वेळ.
वर बटाटे करपले,
कारण टक् झालंच नाही.

नोव्हेंबरच्या वादळात कुठेतरी तार तुटली.
दोन तासांनी वीज आली आणि मशीन जागं झालं,
पण तोंडात काय धरलंय ते विसरून.
सहा नंबर तसाच ओठांत,
आणि निघालं दोन नंबर आणायला,
भरल्या घरात.
तो आवाज टक् नव्हता.

कार्बाइडचे तुकडे मी झाडूने गोळा केले.
तो थाळीची वाकलेली कड अंगठ्याने चाचपत बसला.
"चूक त्याची नाही," म्हणाला,
"उठल्यावर आधी विचारायचं असतं,
हे मीच शिकवलं नव्हतं."

आता दर बदलाआधी ते लिहून ठेवतं,
तोंडात कोण, कुणाचं घर मोकळं.
वीज आली की एक सेन्सर आधी खात्री करतो.
सहा महिन्यांत एकही चूक नाही.

तरी वारा सुटला की हेल्दुर टॉर्च घेऊन खाली उतरतो.
जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी ऐकते :
थाळीवरून बोट फिरवत एक, दोन, तीन.
मोकळ्या घराशी जरा थांबतो,
पुढे जातो, आठ.
मग बराच वेळ काही नाही.
मग हातोडी बाकावर, एकदाच, टक्.
पाचवी की सहावी, कळत नाही.
मी गॅस बारीक करते.