चूल एक

संत मार्टिनच्या दिवशी कराचा कारकून जिना चढून येतो.
छपराखालच्या खोलीत मान घालून मोजतो :
चूल एक.
मग विचारतो, घरधनी?
मेर्गा सांगायची, बाहेर गेलाय. बावीस वर्षं झाली.
भेटला तर म्हणावं, सरपण संपलंय.

आम्ही तिघी.
मेर्गा विणकराची विधवा. नवऱ्याचा माग
विणकरांच्या संघाने तेराव्या दिवशी उतरवून नेला.
रुंद कापड बायकांचं काम नाही, म्हणाले.
तिच्याकडे राहिली एक अरुंद चौकट,
श्रीमंतांच्या डोईवरची झिरझिरीत वस्त्रं विणण्यापुरती.
एनेलिनचं लग्न ठरता ठरता राहिलं.
माझं कधी ठरलंच नाही.

आम्ही दोघी लोकर कातायचो.
तागडी व्यापाऱ्याची, वजनंही त्याचीच,
म्हणून पहाटे सुतावरून ओला हात फिरवायचा.
जरासाच.
देवाला कळेल, त्याला कळणार नाही इतका.

बिछाना एक.
मधली जागा उबेची, ती आठवड्याने फिरायची.
तिच्यावरून भांडलो तितक्या
भाकरीवरूनही भांडलो नाही.
एनेलिनने तर भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या,
कुणाची पाळी, कुणी चुकवली,
कुणी ताप आल्याचं सोंग करून दोनदा मध्ये निजली.

चाळीस दिवसांच्या उपासात मेर्गा गेली.
तिचा खोकला
चौकटीच्या ठेक्यातच यायचा,
आम्हाला उशिरा ऐकू आला.

चौकटीवर हातभर वस्त्र अर्धं होतं.
एनेलिनने ते पुरं केलं. कधी विणलेलं नव्हतं तिने.
जिथे मेर्गा संपते आणि एनेलिन सुरू होते
तिथे काठ वाकडा झाला.
व्यापाऱ्याने बोट ठेवून दाखवला
आणि दोन नाणी कापली.

यंदाही कारकून आला.
चूल एक.
घरधनी?
एनेलिन लोकर पिंजत होती. मान वर न करता म्हणाली,
बाहेर गेलीय.

त्याने 'गेला' असंच लिहिलं असणार.
आम्हाला कुठे वाचता येतं.
शाईवर वाळू झटकून तो उतरला,
दार सताड उघडं टाकून.
मी उठून लावलं.

रात्री आम्ही दोघी बिछान्याच्या दोन कडांना.
भिंतीवरच्या हिशेबाने
पाळी मेर्गाची होती.