पाकिटातली अक्षरं

सतरा वर्षं विजेत्यांची नावं
साऱ्या नागपुरात मला आधी कळायची.
मी पराते पेंटर, गोळीबार चौक.
दुकानांच्या पाट्या, लग्नाची बॅनरं,
आणि वर्षातून एकदा
'केबल स्वरमान'च्या पाकिटातली कार्डं.

पहिल्या वर्षी शाळेचं सभागृह, मे महिना,
स्टेजच्या दोन्ही बाजूंना कूलर.
टेपवर त्यांची घरघर गाण्याहून मोठी.
बक्षिसांना पैसे नव्हते, म्हणून तोलारामने
बर्डीवरून क्रिकेटचे कप आणले,
करवतीने बॅटी कापल्या
आणि डाग देऊन हातात माइक बसवले.
बारा फलंदाज, पॅड बांधून गाणारे.
कुणाला काही वाटलं नाही.
गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या वायरीतून
आपलाच पोरगा टीव्हीत आला,
हेच इतवारीत आठ दिवस पुरलं.

मतं पोस्टकार्डांवर यायची,
कामठीहून, पाचपावलीहून, एक दरवर्षी तुरुंगातून.
मी वाचायचो, तोलारामची आई
सतरंजीवर गड्ड्या लावायची.
म्हातारी सिंधी, मराठी अक्षर येत नव्हतं,
म्हणून तिच्या मोजणीवर सगळ्यांचा भरवसा.

दहाव्या वर्षी पंचफुला शंभरकरची गड्डी
म्हातारीच्या गुडघ्यावर गेली.
इंदोऱ्याची बाई. चौदा एप्रिलला पहाटेपर्यंत गाणारी.
तीन कॅसेटी निघालेल्या,
तिन्हींवर फोटो दुसऱ्याच बाईचा.
मी कार्ड लिहिलं. फु जरा मोठा आला.

संध्याकाळी तोलाराम आला, बसला नाही.
"परातेभाऊ, दुसरं कार्ड लिहा.
पंपवाल्याचा भाचा आहे.
हॉल, लाइट, सारं तेच देऊन राहिले."
लिहिलं.
अक्षर सुंदरच आलं, हे सांगायला हवं.

त्या रात्रीच्या टेपवर
नाव पुरतं वाचून व्हायच्या आत
पहिली टाळी वाजवणारी तीच दिसते.
दिसायची.
पुढे त्या टेपवर कुणाचं तरी लग्न भरलं.

मग एसेमेस आले, सतरंजी गुंडाळली गेली.
मग धूर, रंगीत दिवे, मुंबईची निवेदिका,
जिला 'काऊन' ऐकलं की हसू आवरायचं नाही.
कप खरे आले, गिटारवाले, चिनी.
शेवटची दोन वर्षं कार्डं छापूनच आली.
मग घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसले
आणि एका मे महिन्यात कार्यक्रम झालाच नाही.
उकाडा मात्र तेवढाच होता.

परवा एक मुलगा आला, या सगळ्याचा इतिहास लिहितो म्हणे.
सालं विचारली, सांगितली.
दहाव्या वर्षी कोण?
रजिस्टरात आहे तेच नाव दिलं.
टेबलाचा उजवा खण उघडला नाही.

मागच्या दिवाळीआधी ती स्वतः दुकानी आली होती.
सुनेच्या शिलाईच्या खोलीला पाटी हवी होती:
पंचफुला टेलर्स, ब्लाउज, फॉल-पिको.
निळ्यावर पांढरं.
पैसे नको म्हटलं तर रागावली,
सुट्ट्यासकट मोजून दिले.
मग मान तिरकी करून बघत राहिली.
"फु मोठा नाही झाला का जी?"
"माझा हातच तसा आहे," मी म्हटलं.
"राहू द्या मंग," म्हणाली. "दुरून दिसते."