भागाकार

तार्तू. जानेवारी. उणे एकोणीस.
पाचव्या मजल्यावर
बाल्कनीचं दार बोटभर उघडं ठेवून बसलोय,
समोर आडवा पाडलेला कॉम्प्युटर, पोट उघडं,
हातात आईचा भुवया कोरायचा चिमटा.

त्या चिमट्यानं एवढीशी काळी टोपी उचलायची,
या दोन काड्यांवरून
त्या दोन काड्यांवर.
सहासष्टचे त्र्याऐंशी.
पैसे लागत नाहीत, कुणाला विचारावं लागत नाही.
प्रोसेसर तर दावं सुटल्यासारखा उधळला.

कुरकुर साउंड कार्डाची.
सूर जागेवर, तो त्याचा स्वतःचा स्फटिक सांभाळतो,
पण शब्द फाटतात,
गाणाऱ्याच्या तोंडात मोहरी तडतडते.

कार्ड उपसलं. सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं
(पेन्सिलीचं. शाईचं खरवडतं).
शेजारच्या खाचेत बसवलं. मग त्याच्या शेजारच्या.
दोन कार्डं एकाच हाकेला ओ देत होती,
त्यांना वेगळे नंबर दिले.
मोहरी तडतडतच.
मग मोडेम काढला. घरचा फोन तीन दिवसांनी मोकळा झाला,
पण फोन करणार कोण, एवढ्या रात्री.
मग नेटवर्क कार्ड,
ज्याची वायर भिंतीतल्या भोकातून
पलीकडे रोद्योनच्या खोलीत जाते.
त्यानं भिंतीवर तीनदा ठोकलं: गेलास कुठे?
मी एकदा ठोकलं.
एकदाचा अर्थ आम्ही ठरवलेलाच नव्हता.

चार वाजले. खाचा रिकाम्या.
उरलं फक्त पडद्याचं कार्ड,
आणि यंत्र काय सुरेख चाललं होतं!
सुसाट,
मुकं,
कुणाचंच नसलेलं.

साडेपाचला आई आली पावाच्या कारखान्यातून,
पापण्यांवर बर्फ, बाह्यांना राईचं पीठ.
"कार्डं खराब निघाली," मी म्हटलं, "तिन्ही."
"एका रात्रीत तिन्ही?"
बूट न काढताच ती स्टुलावर टेकली.
"आमच्या नव्या साहेबानं पट्ट्याचा वेग वाढवला ना,
भट्टीला काही झालं नाही. मोटरला काही झालं नाही.
साल्मेचं मनगट गेलं.
पट्ट्याच्या टोकाला उभी राहायची, पाव पिशवीत भरायला.
साहेब म्हणाला, बाई खराब निघाली."

मी मदरबोर्डचं पुस्तक शोधलं,
पलंगाखाली, मोज्यांत.
पान तेवीस, बारीक टाइप, एक तक्ता.
कार्डं घड्याळाच्या निम्म्यानं चालतात.
सहासष्टचे निम्मे तेहतीस, तेवढ्यासाठीच ती घडवलेली.
त्र्याऐंशीचे निम्मे साडेएक्केचाळीस.
रात्रभर मी त्यांना साडेएक्केचाळीसनं पळवत होतो
आणि त्यांचेच दात घासत होतो.

तक्त्यात खाली अजून एक ओळ: शंभर.
तिथे भागाकार बदलतो. निम्मे नाही, तिसरा हिस्सा.
म्हणजे पुन्हा तेहतीसच.
अजून पुढे गेलं असतं तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता,
मी मधेच थांबलो होतो, तेच नेमकं वाईट.

चिमटा. टोपी. व्होल्टेज केसभर वर.
बाल्कनीचं दार वीतभर.
तिन्ही कार्डं परत आपापल्या जागी.
शंभरावर यंत्र उठलं
आणि गाणारा स्वच्छ गायला,
एकही दाणा न तडतडता.

आईला सांगितलं सगळं.
ती कोटातच उभी राहून ऐकत होती.
"म्हणजे पळणारा पळतो,
आणि बाकीच्यांना त्यांच्या चालीनं चालू देतात?"
"हो."
"आणि हे छापलेलं आहे?"
"पान तेवीस."

ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, केवढी थंडी सोडली आहेस घरात, रायगो,
आणि बाल्कनीचं दार खटकन लावून घेतलं.

सातव्या मिनिटाला पडदा निळा झाला.
भिंतीवर तीन ठोके.