वीस गुंठे

जीवना बंदराच्या कडेला ओहोटी
रोज पहाटे दुकान मांडून जाते:
बाटल्या पाण्याच्या, सरबताच्या, औषधाच्या,
एकीच्या गळ्यात शेवाळ,
एकीच्या पोटात जिवंत खेकडा.
खेकडा सोडतो. बाटली पोत्यात.
मी हिलम, प्रयोगशाळेचा शिपाई.
पगार यासाठी मिळत नाही.

हुर्जूक मॅडम सांगतात, पिशव्या नकोत.
पिशवी तापली की नुसती उडून जाते,
मागे नावालाही काळं राहत नाही.
बाटली राहते. शंभर ग्रॅममधली अठरा-एकोणीस.
धुवायची, बूच वेगळं काढायचं,
कात्रीनं नखाएवढे तुकडे करून
चिनी मातीच्या बोटीत भरायचे.
हो, बोटच म्हणतात तिला, करंगळीएवढी.
तांडेल नाही, डिझेल नाही,
आणि जाते कुठं, तर आठशे अंशांत.

पहिल्या दिवशी मॅडमनी नळी बंद केली,
नायट्रोजन सोडला, समजावू लागल्या:
हवा आत जाता कामा नये, हिलम,
नाहीतर...
राख, मी म्हणालो.
त्या थांबल्या. तुम्हाला कसं माहीत?

डोंगरात बा ऐन-किंजळाची भट्टी लावायचा.
वर पाला, पाल्यावर माती, ओल्या हातानं लिंपलेली.
रात्रभर भोवती फिरायचा, कान देऊन.
कुठं भेग गेली की भट्टी श्वास घ्यायची,
आणि श्वास घेतला की गेलं सगळं.
बा भेगेवर चिखल दाबायचा,
झोपेत बडबडणाऱ्या पोराच्या तोंडावर
हात ठेवावा तसा.
कोळशाची पोती शेटची.
बाच्या वाट्याला खोकला आला.

मॅडमच्या भट्टीत धूर दिसत नाही.
हिरवे आकडे चढतात, मिनिटाला पाच अंश.
मी तरी कान देतो.
सवय.

मग ती काळी भुकटी, तिला पोटॅश, पुन्हा आच,
पुन्हा धुणं, लिटमस गप्प राहीपर्यंत.
मॅडम म्हणाल्या, आता हिच्यात भोकंच भोकं,
डोळ्यांना दिसायची नाहीत.
आतल्या सगळ्या भिंती उकलून पसरल्या
तर एका ग्रॅमची जागा दोन हजार चौरस मीटर.
मी मनात भागाकार केला.
तो मला येतो, तलाठ्याच्या दारात शिकलो.
वीस गुंठे.

वीस गुंठे!
आमची अख्खी वाडी तेवढ्यावर नाही,
आणि जेवढ्यावर आहे
ते दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर.
छप्पर शाकारायचं तरी
बा आधी विचारून यायचा.
आणि हे चिमटीत.
मोजणीदार नको, खुंट्या नकोत,
बांध कोरणारा शेजारी नाही.
वीज येते, भिंतीला पाठ लावून बसते,
बोलावली की उठते.
जागा कोणाची, असं तिला कोणी विचारत नाही.

काल तीन डब्या ओळीनं जोडल्या,
नाण्याएवढ्या. आत आमचा किनारा.
तांबडा दिवा लागला.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकानं फोटो काढला.
दोन मिनिटं, वर थोडंसं,
मग दिवा झोपाळल्यासारखा झाला.
मॅडम वहीत आकडे लिहीत होत्या.
पुन्हा भरता येते हो, त्या मान न उचलता म्हणाल्या,
हजारदा.

मी बोट धुवायला घेतली.
नखांतलं काळं साबणाला दाद देत नव्हतं.
फार घासलं नाही.
उद्या उधाण आहे,
दोन पोती न्यावी लागतील.