मीठ कमी

मी मिठागरवाल्याची लेक,
आणि दिवसाला चाळीस माणसांना सांगते:
मीठ कमी करा.

घणसोलीच्या दवाखान्यात
माझं टेबल दाराच्या उजव्या हाताला, बंद पंख्याखाली.
दंडाला पट्टा, मुठीत फुगा, कानात ठोके.
सकाळी एक आला, योगेंद्र, रात्रपाळीचा,
वय एकोणतीस,
एकशे अठ्ठावन्न, खाली शंभर.
काल काय खाल्लंत?
त्याला आठवेना.
मोबाईल काढून मागच्या ऑर्डरी वाचत गेला:
चिप्स, कपातल्या शेवया,
रात्री सव्वादोनला बिर्याणी, सोबत लोणच्याची पुडी.
वरून मीठ घेता?
"नाही मॅडम," म्हणाला, "घरात मीठच नाही."

आमच्यात मीठ पिकायचं.
भात पिकतो तसंच, शब्दही तोच.
खाडीचं पाणी बांधातून आत घ्यायचं,
एका कुपातून दुसऱ्यात, आटत, दाटत,
आणि चैत्रातल्या दुपारी पापुद्रा धरला
की बापूस, हसुराम, फळी घेऊन उतरायचा.
घरी पडवीत गोण.
पावसाळ्यात ती पाझरून भिंत ओली व्हायची
आणि शेजारच्या गोमाबायची शेळी
येऊन ती भिंत चाटायची. हाकललं तरी.

मग भराव.
जमीन सरकारने घेतली, तेव्हा मी लहान होते.
पण साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला दिला
त्या कागदावर सही आमची,
आणि टाइल्स मी निवडल्या, बदामी, न घसरणाऱ्या.
टॉवरचं नाव सॉल्ट ब्रीझ.
सातव्या मजल्यावरून खाडी दिसत नाही,
दिसतात समोरच्या बिल्डिंगचे एसी,
ओळीने, ठिबकत.

लेकीने, प्रणितीने, गुलाबी मीठ मागवलं.
आलं आठ मिनिटांत.
पाव किलो मीठ पाकिटात, पाकीट पिशवीत, पिशवी खोक्यात,
आणि भोवती हवेच्या उश्या.
बापसाने एक उशी नाकाशी धरून फोडली.
"हवा पन पार्सल येते?"
कुणी उत्तर दिलं नाही.
रात्रीचे अकरा वाजले होते,
कारखान्यांकडून तो वास सुरू झाला होता, सडक्या कोबीसारखा,
आणि भावाचा रियांश खोकत होता,
नेब्युलायझरच्या वाफेतून कार्टून बघत.

बापूस म्हणाला, पोराची दृष्ट काढू.
मिरच्या होत्या. मोहरी होती.
जाडं मीठ नव्हतं.
गुलाबी चालवू म्हटलं,
पण निखारा कुठला?
इंडक्शनवर पातेलं नसलं की ते नुसतं टीं टीं करतं.
त्याने मूठ ओवाळली, बेसिनमध्ये सोडली
आणि नळ उघडला.
तडतडलंच नाही काही,
त्यामुळे दृष्ट केवढी होती ते कळलं नाही.

मी नर्स आहे. माझा दृष्टीबिष्टीवर विश्वास नाही.
तरी त्या आवाजासाठी मी थांबले होते, ओट्याला टेकून.

काल बापूस घरात दिसेना.
सापडला खाली पार्किंगमध्ये,
बी-चौदाच्या गाडीमागे, खांबाशी उकिडवा.
सोसायटी दरवर्षी वॉटरप्रूफिंग करते,
दरवर्षी रंग फुगतो आणि खालून लोणा फुटतो,
यंदाचा खर्च फ्लॅटमागे अकरा हजार.
त्याने नखाने पापुद्रा खरवडला,
बोट जिभेला लावलं,
आणि डोळे बारीक केले,
व्यापाऱ्यासमोर भाव सांगताना करायचा तसे.

"पिकलंय," म्हणाला.

त्याची सकाळची गोळी राहिली होती, माझ्या मुठीत होती.
बाबा, म्हटलं, मीठ कमी.
तोवर तो पुढच्या खांबाकडे निघाला होता.