एक र कमी

बोर्डावर एक र कमी आहे.
'आंतराष्ट्रीय कला महोत्सव, उद्यमनगर, कोल्हापूर.'
सिद्राम पेंटरनं रंगवला तेव्हा पत्रा संपत आलेला
आणि त्याला कोल्हापूर मोठं पाहिजे होतं.

दरवर्षी कुणीतरी नवीन येतं, चष्मा सावरतं,
म्हणतं, ताई, तेवढं दुरुस्त करून घ्या.
घेऊ की, म्हणते मी, आणि चहा सांगते.

सुरुवात म्हणाल तर एका गिअरपासून.
शिरोली नाक्यावर एक निळी गाडी बंद पडली.
आत सात माणसं, एकतीस बाहुल्या,
भाषा तोंडात भडंग धरून बोलल्यासारखी.
निघालेली गोव्याला. पैसे पुण्यातच संपलेले.

अब्बांनी दात मोजले. बावीस. त्यात तीन तुटके.
लाकडाचा पॅटर्न केला, वाळूत दाबला,
रात्रीच्या हीटला ओतून घेतला,
दोन दिवस कानशीनं घासत बसले.
गाडी चालू झाली.
बिल किती, त्यांनी खुणेनं विचारलं.
अब्बांनी बाहुल्यांकडं बोट दाखवलं.

तो पहिला खेळ.
फौंड्रीच्या काळ्या वाळूवर, भट्टीकडं पाठ करून
बसलेली रात्रपाळी:
आण्णाप्पा, गजाबर मोल्डर, मिसरूड न फुटलेला दौलू.
एक म्हातारी बाहुली कुणाला तरी शोधत होती,
दार ठोठावत होती, दार नव्हतंच तिथं.
शब्द एक कळला नाही.
आणि बायकोच्या तिसऱ्या दिवशी कामावर आलेला गजाबर
तोंडावर टोपी धरून बसला
ती खेळ संपला तरी काढेना.

पुढच्या वर्षी पत्र आलं.
त्याच्या पुढच्या वर्षी दोन गाड्या.
मग निजणार कुठं, जेवणार काय,
तांबडा रस्सा कुणाला सोसत नाही,
याची वही झाली.
ती वही आता माझ्याकडं आहे.

लोक म्हणतात, कशाला हा खटाटोप,
सगळं जग मोबाईलमध्ये आलंय.
आलंय खरं. माझ्याही आलंय.
रोज रात्री अंगठ्यानं वर सारते.

यंदा चौघं यायची होती, एकटीच आली.
तिघांचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले.
गावाचं नाव ती हळू घेते,
दवाखान्यातल्या माणसाचं घ्यावं तसं.
विमानात तिच्या बाहुलीचा हात मोडला.
माझ्या भाच्यानं, यासीननं, रात्री दोनला मशीन लावून
नवा करून दिला,
पण बिडाचा. जड झाला.
आता बाहुली वाकते तेव्हा उजवीकडं कलते,
बाजार करून परतणाऱ्या बाईसारखी.
यासीन ओशाळला.
ती दुभाष्याला म्हणाली, राहू दे, असंच.

तिघांच्या खुर्च्या आम्ही मांडल्याच.
खेळ सुरू झाला आणि शेजारच्या शेडची पाळी सुटली.
पोरं डबे घेऊन दारातच थांबली.
त्यातल्या एकानं वर बघितलं,
ओठ हलवत बोर्ड वाचला, बोटावर अक्षरं मोजली,
आणि माझ्या कानाशी आला: मावशी, एक र...

गप, म्हटलं.
तिकडं बघ.